कलीचा पहिला पाय

महिपत, आज सकाळी पूजेला बसलो, आचमन केले, पळीभर पाणी हातावर घेतले आणि संकल्पात अडलो. मुंज झाल्यापासून जे शब्द जिभेवर आहेत त्यांत अडलो. कोणतेही कर्म करण्यापूर्वी माणसाने आपण कुठे आणि कोणत्या काळात उभे आहोत हे देवाला सांगायचे असते: कोणता कल्प, कोणते मन्वंतर, कोणते युग आणि त्या युगाचा कोणता चरण. 'कलियुगे प्रथमचरणे', कलियुगाच्या पहिल्या चरणात. तिथवर आलो आणि पाणी हातातच राहिले. समोर देव होते, आणि कानात तुझा आवाज, "आरं शास्त्र्या, किती दिस पयलाच पाय धरून बसनार हायस?"

तुझा तेरावा परवा झाला. विट्यात कोणी तुला वेडा म्हणते, कोणी बाबा म्हणते. मला दोन्ही शब्द तुझ्या मापाचे वाटत नाहीत. मला आठवतो तो रहिमतपूरच्या शाळेत माझ्या शेजारी बसणारा, आजोळी राहून शिकणारा महिपत. मी शब्दरूपे पाठ म्हणू लागलो की तू माझीच चाल धरून 'जेवः जेवौ जेवाः' म्हणायचास आणि सगळा वर्ग हसवायचास. सातवी झाली आणि चुलत्याने तुला सोने गाळण्याच्या धंद्यात उत्तरेकडे नेले. मला वडिलांनी पाठशाळेत धाडले. तू मुशीपुढे बसलास, मी पोथीपुढे. पुढची सारी वर्षे आपण दोघेही खाली मान घालून, डोळे बारीक करून एकेका गोष्टीतून मळ काढत राहिलो.

विट्याला तू घर बांधलेस, त्या वास्तुशांतीला सांगायला मी होतो. तू सोवळे नेसून बसला होतास आणि माझ्यामागून एकेक शब्द घासून पुसून म्हणत होतास. 'प्रथमचरणे' आले आणि तू थांबलास.

"म्हंजे काय रं?"

"म्हणजे कलियुगाचे आत्ता कुठे पहिले पाऊल पडते आहे."

"आन पाय किती त्याला?"

"चार."

"मग लय मोठं जनावर हाय की!"

माझ्यासकट सगळे हसले. हिरावहिनी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "भावजी, तुमी म्हना पुढं, न्हाईतर ह्ये शेपटीचं इचारतील." त्या दिवशी त्या शब्दात हसण्याजोगे काहीतरी आहे हे मला प्रथमच कळले. भांडण्याजोगेही आहे, हे कळायला बरीच वर्षे जायची होती.

तू कायमचा परत आलास तो साथीच्या दिवसांत. त्याआधीच्या महापुरात तू सांगलीत माझ्याकडे अडकला होतास. जिन्याच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जाताना आपण दोघांनी वरून पाहिल्या होत्या. पाणी ओसरले तेव्हा मी खराटा घेऊन चिखल काढू लागलो. तू जिन्यातच बसून राहिलास. म्हणालास, "ही नुसती वर्दी हाय." पाठोपाठ साथ आली, तुझ्या त्या उत्तरेकडच्या शहरातल्या गल्ल्या ओस पडल्या, भट्टी थंड झाली. दुकान मुलाच्या, संजयच्या हाती देऊन तू घरी आलास. येताना तेजाबाच्या धुराने जाळलेली छाती आणलीस आणि हातात एक मोबाइल. खोकल्याने बसू देत नसे तेव्हा तू त्यात पाहत बसायचास. पृथ्वीचे ध्रुव सरकत आहेत, सूर्यावरून ज्वाळा निघणार आहेत, तीन दिवस अंधार पडणार आहे, त्यातून जे जागे आहेत तेवढे नव्या पृथ्वीवर उतरणार आहेत. कुठल्याशा परदेशी माणसाचे भाकीत, त्याला आपल्या कल्कीची जोड आणि वर ताडपत्रातला आधार. मी एकदा विचारले, "हे ताडपत्र कोणत्या लिपीत आहे?" तू म्हणालास, "तुला लिपीचं पडलंय, घर पेटलंय तिकडं."

विट्याच्या पूर्वेला माळावर तुझी जमीन होती. ज्या माळावर पावसाळ्यातही पाणी ठरत नाही, तिथे तू जी वस्ती उभी केलीस तिचे नाव ठेवलेस 'नाव'. मनू राजाला माशाने वाचवले त्या प्रलयाच्या कथेतली होडी. ती कथा लहानपणी मीच तुला रहिमतपूरला सांगितली होती. माळावर नाव, असे म्हणून विटेकर हसले. तरीही माणसे आली. पुण्याची, बंगळूरची, कॉम्प्युटरवरची नोकरी सोडलेली, केस वाढवलेली, हातावर त्रिकोण आणि डोळे गोंदवलेली मुले. ती पौर्णिमेला ढोल वाजवीत, फोन मातीच्या माठात ठेवीत, बियाणे राखेत घोळवून साठवीत आणि तुला बाबा म्हणत. तू त्यांच्यापुढे छोटी भट्टी लावायचास, मुशीत सोन्याची मोड टाकायचास आणि ती लाल होऊन पाणी झाली की म्हणायचास, "समदं असंच वितळनार. खरं तेवढं ऱ्हानार." मुले स्तब्ध होऊन पाहत. एकदा मागे उभ्या असलेल्या हिरावहिनी मला हळूच म्हणाल्या, "आन जो फुकनी मारतो त्याच्या छातीत काय ऱ्हातंय, त्ये कुनी बगत न्हाई."

त्या मुलांत इरा होती. कपाळाला पट्टा बांधणारी, मोठ्या डोळ्यांची, वाद घालताना हात जोडून वाद घालणारी. तिने मला एकदा विचारले, "आजोबा, तुम्हाला शेवटाची भीती नाही वाटत?" मी म्हणालो, "रोज संध्याकाळी सूर्याला अर्घ्य देतो. शेवटाची सवय आहे." तिला ते उत्तर पटले नाही. खरे सांगायचे तर मलाही पुरते पटले नव्हते.

तुझा विश्वास किती पक्का होता हे मला कधीच कळले नाही. नावेसाठी पाण्याची टाकी घ्यायला आपण विट्याच्या बाजारात गेलो होतो. तू दुकानदाराला विचारलेस, "गॅरंटी किती?" तो म्हणाला, "वीस वर्षं." तू म्हणालास, "लिवून दे." मी बाहेर येईपर्यंत हसू दाबले. मग म्हणालो, "महिपत, जग बुडाल्यावर ही पावती कुठे दाखवणार आहेस?" तू माझ्याकडे असे पाहिलेस की जणू मीच अडाणी. "आरं, टाकीवाल्यावर माजा इस्वास न्हाई. देवावर हाय." हे वाक्य आठवले की अजून हसू येते आणि मग बराच वेळ काही करवत नाही.

वाद झाला तो नावेवरच्या होमाचा. तुला वास्तुशांती हवी होती, विधी सांगायला मी हवा होतो, आणि संकल्पात एक शब्द बदलून हवा होता. प्रथमचरणे काढून अंतिमचरणे म्हणायचे.

"ते माझ्या हातात नाही," मी म्हणालो. "काळ आपण ठरवत नसतो. मी नुसता पत्ता सांगतो."

"तुजा पत्ता जुना झालाय, गड्या. मानसं कवाच दुसरीकडं ऱ्हायला गेली."

"पाच हजारांवर काही वर्षे सरली आहेत. लाखांनी उरली आहेत."

"लाखांनी! आरं, बाहीर ये जरा. हितं नदीला पानी न्हाई, न्हाईतर गावात घुसतंय. पोरांस्नी पोरं नकोत. आन तू म्हनतोस पयलं पाऊल? ह्ये पयलं असंल तर चौथं कसं असंल रं?"

माझ्यापाशी होता तो फक्त नियम, आणि नियम धरून ठेवणे हे माझे आयुष्यभराचे काम. मी म्हणालो, "मी खोटे बोलून देवापुढे पाणी सोडणार नाही." तू उठलास. दाराशी जाऊन वळलास आणि म्हणालास, "आन मी खरं बोलूनबी त्यो ऐकंना." श्रावण गेला, भाद्रपद गेला, तुझा फोन आला नाही आणि माझाही गेला नाही. नावेचा होम कोणी केला, केला की नाही, हे मी विचारले नाही. मी तो शब्द बदलला नाही याचा मला आजही पश्चात्ताप नाही, महिपत. तुझ्याशी खोटे कधी बोललो नाही, आता कशाला बोलू?

नंतर ती अमावास्या आली. तीन दिवसांचा अंधार त्याच अमावास्येला सुरू होणार, असे तुझ्या मुलांनी कुठूनसे काढले होते आणि तू त्यावर मान डोलावली होतीस. दुसऱ्या दिवशी मी अर्घ्य देऊन आत आलो तोच फोन वाजला. इतक्या महिन्यांनी तुझा आवाज.

"उगवला का रं तुज्याकडं?"

"उगवला. आत्ताच अर्घ्य दिले."

"हां." मग तुला खोकल्याची उबळ आली. "हितंबी उगवला."

तू रागावशील, नवी तिथी सांगशील, असे वाटले. तू म्हणालास, "च्या झाला का?"

"नाही अजून."

"घे मग. मीबी घेतो."

आणि फोन ठेवून दिलास. समेट झाला तो असा, चहावर. पण त्या 'हां'मध्ये जो थकवा होता तो माझ्या मनातून गेला नाही. ज्याचा शेवट यायचा होता आणि आला नाही, त्याला पुन्हा सकाळपासून सगळे करावे लागते.

छाती फारच धरू लागली तेव्हा दवाखाना जवळ पडावा म्हणून संजयने तुम्हा दोघांना सांगलीत विश्रामबागेत भाड्याच्या घरात आणले. मी रोज दुपारनंतर येऊन बसायचो. कोपऱ्यात ऑक्सिजनचे यंत्र घुरघुरत असायचे. तू मुलांचा विषय काढलास की हिरावहिनी आतून म्हणायच्या, "जग कवा बुडायचं तवा बुडंल, आधी ह्यांच्या गोळ्या संपत्यात. भावजी, जाता जाता औषदाच्या दुकानात तेवढ्या सांगून जावा." तू हसायचास आणि हसण्याचा खोकला व्हायचा. एका दुपारी त्या देवळात गेल्या होत्या. तू नाकावरची नळी जरा सरकवलीस.

"शास्त्र्या, येक सांगू? त्या पोरांस्नी सांगू नगं."

"सांग."

"मला जग बुडायची घाई नव्हती रं. मला येकट्याला जायाचं भ्या वाटतंय. समदी बरूबर असली की जत्रंला निगाल्यावानी वाटतंय."

मी तुझा हात धरला. तुझे तळवे तेजाबाने कायमचे पिवळे झालेले, माझे नुसतेच म्हातारे. आत्मा नित्य आहे, तो मरत नाही, हे मी किती घरांत सांगितले असेल. तुझ्यापुढे तोंड उघडले नाही.

मग तू म्हणालास, "माज्या दहाव्याला तूच बस. आन तवा अंतिम म्हन. जगाचं ऱ्हाऊ दे तुज्या मतानं. माज्यापुरतं तरी म्हन."

मी म्हणालो, "बघू."

त्या क्षणी खरे म्हणजे दुसरे काहीतरी बोलायचे होते. तू पहिल्यांदा 'शेवट जवळ आलाय' म्हणालास तेव्हा माझ्या मनाला एक गारवा वाटला होता, हे सांगायचे होते. लाखांनी वर्षे उरली आहेत हे मी लोकांना शांतपणे सांगतो; पण पूर ओसरल्यावर तो खराटा हाती घेतला तेव्हा मीही मनात म्हटले होते, देवा, अजून किती? माझ्याकडे येणारे विद्यार्थी कमी होत गेले, देवघरातली समई एकट्यासाठी लावायची वेळ आली, तेव्हाही म्हटले. तू जे माळावर ओरडून सांगत होतास ते मी सोवळ्यात बसून कुजबुजत होतो. फरक एवढाच की तुला ढोल वाजवणारे भेटले. हे तुला सांगितले असते तर तुझी भीती निम्मी झाली असती असे आता वाटते. मी 'बघू' म्हणालो आणि गोळ्या सांगायला गेलो. त्याच आठवड्यात तू गेलास.

दहाव्यापर्यंत मी त्या 'बघू'पाशी बसून होतो. कलियुगाचा पहिला चरण मला हलवता येत नव्हता. तो माझा नव्हे. पण 'माज्यापुरतं' या तुझ्या शब्दात एक दार उघडे होते, ते उशिरा दिसले. कालाचा उच्चार जसाच्या तसा करायचा आणि त्यापुढे तुझ्यापुरता एक शब्द जोडायचा. कोणत्याही पोथीत नसलेला. मी आयुष्यात विधीमध्ये एक मात्रा घातली नव्हती. 'मम सख्युः महीपतेश्चरमे चरणे', माझ्या सख्या महिपतीच्या शेवटच्या चरणात. 'मित्र' शब्द घेतला असता तर सोपे होते. तो सरळ चालतो. 'सखि' शब्द नियमाने चालत नाही. 'हरि'सारखा दिसतो आणि 'हरि'सारखा वागत नाही. शाळेत तो वेगळा पाठ करावा लागला होता. तुझ्यासाठी तोच योग्य वाटला. आणखी एक कारण होते. त्या विधीत जागोजागी तुझ्या नावाला 'प्रेत' हा शब्द लागतो. कुठेतरी एकदा त्याच नावाला सखा लागावा, असे मनात होते.

विट्याजवळच्या येरळा नदीला पाणी नव्हते, म्हणून विधी सांगलीत कृष्णेच्या घाटावर झाला. संजय अपसव्य करून बसला, मी सांगू लागलो. तुझे भाऊबंद होते, हिरावहिनी पायरीवर होत्या, आणि जरा दूर इरा आणि तिच्याबरोबरची मुले, पांढरे कपडे घालून, ढोल न आणता. प्रथमचरणे आले, गेले. मग तुझा शब्द आला आणि माझा आवाज आपोआप उतरला. शेजारी दुसऱ्यांचे विधी चालले होते, सांगणारे ओळखीचे होते. त्यांच्या कानावर हे गावठी पद्धतीने जोडलेले वाक्य पडू नये, असे वाटले असावे. मी ओठांतल्या ओठांत म्हटले. संजय काहीतरी पुटपुटला.

पिंड ठेवले. शेजारी हिरावहिनींनी तुझी कांदाभजी ठेवली. कावळा येईना. झाडावर चार बसले होते, पाहत होते, येत नव्हते. संजय हात जोडून म्हणाला, "आबा, आईकडं बघतो, काळजी करू नका." संजयचा एक चुलता म्हणाला, "नावंचं काय ते सांग, त्यात जीव असंल." इरा पुढे येऊन म्हणाली, "बाबा, आम्ही नाव सोडणार नाही." कावळा हलेना. तिच्याबरोबरचा एक मुलगा गंभीरपणे म्हणाला, "ध्रुव सरकल्यामुळे पक्ष्यांना दिशा कळत नाहीये." चुलता त्याच्याकडे वळला. "आरं, त्याला दिशा कळतीया. त्यो शेजारचा भात बगतोय." त्या उन्हात, त्या दुःखात, आम्ही सगळेच हसलो. हिरावहिनीही. मग त्याच डोळे पुसत माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "भावजी, तुमाला म्हाईत आसंल काय ऱ्हायलंय ते."

मला माहीत होते. जे मोठ्याने मागितले होते ते मी कुजबुजून दिले होते. मी उठलो. गुडघे धरले होते, संजयने हात दिला. पाण्याकडे तोंड केले आणि पाठशाळेत जसे खणखणीत म्हणवून घेत तसे म्हटले, 'मम सख्युः महीपतेश्चरमे चरणे'. शेजारचे दोघे-तिघे सांगता सांगता थांबले. आम्ही मागे सरकलो आणि एक कावळा उतरला. पिंडाकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. तुझे भजे चोचीत धरले आणि उडाला. चुलता म्हणाला, "चालतंय, शिवला." तो शब्दामुळे आला की आम्ही मागे सरकल्यामुळे, हा वाद तू असतास तर आपण दिवसभर घातला असता.

पायऱ्या चढताना इरा माझ्या बाजूने चालत होती. "आजोबा, ते जोरात काय म्हणालात?"

मी अर्थ सांगितला.

"आणि आधी प्रथम म्हणालात ते?"

"ते जगाचे. तुमचे."

"म्हणजे अजून खूप आहे?"

"फार आहे, बाळ."

ती पायरीवरच बसली. इतका वेळ रडली नव्हती, ती आता रडू लागली. आनंदाने की दमून, हे मला सांगता येणार नाही. मग नाक पुसून म्हणाली, "ती टाकी गळायला लागलीये. बाबांनी पावती कुठे ठेवलीये, आजींना विचारायला हवं."

महिपत, तू जत्रेला निघाल्यासारखा जाऊ इच्छित होतास. तुझ्या दहाव्याला घाटावर बरीच माणसे होती, पण सगळी घरी परत गेली. तुझ्याबरोबर कोणी आले नाही. तुझी भीती खरीच ठरली, आणि त्यावर तुला देण्यासारखे माझ्यापाशी ते एकच वाक्य होते. तिथे ते पोचले असेल तर सोबतीला ठेव. मी मागाहून येईनच.

आज सकाळी हातावरचे पाणी बराच वेळ तसेच होते. बाहेर कोणी अंगण झाडत होते. मी डोळे मिटले आणि 'प्रथमचरणे' म्हटले, स्वच्छ म्हटले, पुढचेही सगळे म्हटले आणि पाणी सोडले. पाय जड आहे रे, महिपत. पण पहिलाच आहे.